चेहऱ्यावरची भूक



चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बकरी ईदला आठवडा उरला होता. इशाची नमाज आटोपली, लोक पांगले, मशिदीतले पंखे एकेक करून बंद होऊ लागले. तेव्हा शिवणकाम करणारे एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी विचारले, "मौलाना, डोक्यावर कर्ज असेल तर कुर्बानी वाजिब राहते का?" मी त्यांना मसला नीट समजावून सांगितला. गरजेच्या वस्तू आणि देणे वजा जाता निसाबाइतकी मालमत्ता उरत नसेल, तर कुर्बानी वाजिब नाही. त्यांनी मान डोलावली. पण ते लगेच उठले नाहीत. हातातली टोपी दुमडत, उलगडत थोडा वेळ बसून राहिले आणि मग सलाम करून गेले. मला जेवायला उशीर होत होता.

ईदच्या दिवशी त्यांच्या घरी गोश्त पाठविले, तर दाराला कुलूप. दोन्ही शिलाई मशिनी विकून ते कुटुंबासह सासुरवाडीच्या गावी गेले होते. मी फोन केला आणि त्या रात्री काही बोलला का नाहीत, असे विचारले. ते एवढेच म्हणाले, "तुम्ही मसला बरोबरच सांगितला होता, मौलाना." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य अजून मनातून जात नाही.

वाचकहो, मदरशात ज्या हदीसचे मी अनेकदा पठण केले होते, तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा (रजि.) आपल्या भुकेची हकीकत सांगतात. भूक इतकी की ते पोटाला दगड बांधीत. एके दिवशी ते लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बसले. हजरत अबू बकर (रजि.) तेथून गेले, तेव्हा त्यांनी त्यांना कुरआनच्या एका आयतीविषयी विचारले. हजरत उमर (रजि.) यांनाही तसेच विचारले. प्रश्न आयतीचा होता, पण हेतू हा की कोणीतरी आपल्याला घरी नेऊन जेवू घालावे. दोघेही पुढे निघून गेले. नंतर प्रेषित मुहम्मद (स.) आले. त्यांनी अबू हुरैरांकडे पाहिले आणि स्मित केले. त्यांच्या मनात काय आहे आणि चेहऱ्यावर काय आहे, हे त्यांनी ओळखले. प्रश्न विचारण्याचीही वेळ आली नाही. त्यांनी अबू हुरैरांना आपल्यासोबत घरी नेले. घरात कोणी भेट दिलेले पेलाभर दूध होते. ते आधी सुफ्फाच्या सर्व गरिबांना बोलावून पाजले, मग अबू हुरैरांना पोटात जागा उरेना इतके पाजले आणि उरलेले स्वतः सर्वांत शेवटी घेतले.

येथे थोर सहाब्यांना दोष देण्याचे धाडस कोणी करू नये. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाकडे लक्ष दिले. चांगली माणसेही तेवढेच करतात. बुखारीतीलच दुसऱ्या एका निवेदनात असे येते की, पुढे अबू हुरैरांनी ही गोष्ट हजरत उमरांना सांगितली, तेव्हा ते हळहळले. त्या दिवशी तुला घरात घेता आले असते तर ते मला लाल उंटांहूनही अधिक प्रिय झाले असते, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. लाल उंट म्हणजे त्या काळच्या अरबांची सर्वांत मोलाची संपत्ती. ही हळहळ हेदेखील ईमानाचेच लक्षण आहे.

कुरआनने ही ओळख आपल्यावर सोपविलेली आहे. सूरह अल-बकरहच्या 273व्या आयतीत अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. त्यांचा स्वाभिमान पाहून अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. त्यांना त्यांच्या लक्षणांवरून ओळखता येते, असे अल्लाह सांगतो. विचार करा, जो हात पसरतो त्याला देणे सोपे आहे. ज्याचा हात खिशातच राहतो, त्याच्यासाठी आपल्याला चेहरा वाचावा लागतो. आणि चेहरा वाचायचा तर आधी त्याच्याकडे पाहावे लागते.

समोरच्याला कळले नाही म्हणजे तो दुखावला नाही, असे आपण पुष्कळदा समजतो. सूरह अबसा आठवा. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले असताना ते आले आणि प्रेषितांच्या कपाळावर आठी उमटली. ती आठी त्या अंध सहाब्यांना दिसणे शक्यच नव्हते. तरीही आपल्या सर्वांत प्रिय बंद्याला अल्लाहने त्याबद्दल सावध केले आणि त्या आयती कयामतपर्यंत पठणासाठी राहिल्या. न दिसलेल्या आठीचाही जेथे हिशेब आहे, तेथे आपल्या मुलांना, पत्नीला, वृद्ध आईवडिलांना रोज दिसणाऱ्या आठ्यांचे काय?

घरापासूनच प्रारंभ करू या. हजरत आयशा (रजि.) केव्हा प्रसन्न असतात आणि केव्हा रुसलेल्या, हे प्रेषित (स.) त्यांच्या शपथेवरून ओळखीत. प्रसन्न असताना त्या मुहम्मदांच्या रबची शपथ घेत, रुसल्या असताना इब्राहीमांच्या रबची. उम्मतचा एवढा भार वाहणाऱ्या माणसाने पत्नीच्या बोलण्यातील एका नावाचा बदल टिपला होता. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा पाळलेला पक्षी गेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या लहानग्याची आपुलकीने चौकशी केली. जमातीत मूल रडू लागले, तर त्याच्या आईची घालमेल जाणून ते नमाज आटोपती घेत. आपल्या घरात मात्र जेवताना हातात मोबाईल असतो आणि "काही नाही" हे उत्तर आपण खरे मानतो, कारण ते खरे मानणे सोयीचे असते.

मात्र एक सीमा ध्यानात ठेवली पाहिजे. अंतःकरणातले पूर्ण ज्ञान केवळ अल्लाहला आहे. एका लढाईत शत्रूने कलमा उच्चारल्यावरही तो भयापोटी म्हणाला असे समजून हजरत उसामा (रजि.) यांनी त्याला ठार केले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना कठोरपणे विचारले की, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? सूरह अल-हुजुरातमध्ये वाईट तर्क आणि हेरगिरी या दोन्हींपासून रोखले आहे. तेव्हा चेहरा वाचायचा तो देण्यासाठी, दोष शोधण्यासाठी नव्हे. "तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे" हे वाक्य बहुतेक वेळा भांडणाचा आरंभ असते. अंदाज चुकू शकतो, म्हणून तो निकाल म्हणून ऐकवू नये, हळुवारपणे विचारून पाहावा.

तो विचारावा कसा? मी स्वतःसाठी तीन गोष्टी ठरविल्या आहेत. कोणी बोलायला आले की केवळ मान नव्हे, सारे अंग त्याच्याकडे वळवायचे, कारण प्रेषितांची (स.) पद्धत तीच होती. प्रश्नाचे उत्तर दिल्यावर, "बाकी घरी सारे ठीक ना?" असा दुसरा प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचे. आणि जे कळेल ते चार लोकांत न्यायचे नाही. आपली अडचण जगजाहीर होईल, ही भीतीच पुष्कळांचे तोंड बंद ठेवते.

पुढे जमातीतल्या काही जणांनी मिळून त्या गृहस्थांना एक मशीन घेऊन दिली. ते परत आले, अल्हम्दुलिल्लाह. पण ती मदत कुलूप लागल्यानंतर पोहोचली. आता इशानंतर कोणी रेंगाळले, तर मी पंखा चालू ठेवायला सांगतो.

हे अल्लाह, आमच्या दृष्टीला न मागणारे ओळखण्याची शक्ती दे, आमच्या अंतःकरणाला वाईट तर्कापासून जप आणि आमच्या घरात एकमेकांकडे पाहण्याची सवड दे. आमीन.