मारका बैल आणि निसटलेले पाते

वसईच्या वाड्यांमधून जाणारे जुने रस्ते बैलगाडीच्या मापाने झालेले आहेत. दोन्ही अंगांना कुंपणे, वळणावर एखादा क्रूस, कुठे विहीर, कुठे केळीची बाग. ह्या रस्त्यांवर आता डांबर आले, दिवे आले, आणि सायंकाळी मिस्साहून परतणाऱ्या वृद्धांच्या खांद्याला वारा लावून जाणाऱ्या मोटारसायकलीही आल्या. अशा भरधाव गाडी हाकणाऱ्या तरुणाला तुरुंगात पाठवावे काय, हा प्रश्न वर्तमानपत्रात वाचला की उत्तर सोपे वाटते. तोच प्रश्न आपल्याच धर्मग्रामाच्या बाकांवर येऊन बसला की मात्र जीभ जड होते. आमच्या माहितीतल्या एका धर्मग्रामात तो असाच येऊन बसला आहे. गावाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस वर्षांचा मुलगा. बारावी उत्तीर्ण झाल्याबद्दल वडिलांनी मोटारसायकल घेऊन दिलेली. एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेने घरी येणाऱ्या एका आजींना त्याच्या गाडीने उडविले. तिसऱ्या दिवशी त्या वारल्या. त्यांचा थोरला मुलगा वाडीच्या फाटकाशी उभा होता. त्याने सारे डोळ्यांनी पाहिले. मुलानेही त्या रात्री रडत रडत कबूल केले की काटा सत्तरच्या पुढे होता. अंत्यविधीच्या वेळी, कबरीवर माती टाकून झाल्यावर, आजींचा मुलगा सर्वांसमक्ष त्या पोराच्या बापाजवळ गेला आणि आपण क्षमा केली आहे असे त्याने सांगितले. अनेकांचे डोळे पाणावले.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. खटला उभा राहिला तेव्हा गावातील चार भली माणसे आजींच्या मुलाकडे गेली. "म्हातारी आता काय परत येणार आहे? पोराचं आयुष्य कशाला नासवायचं? अंधार होता, आई मध्येच आली, एवढं बोललास की सुटेल बिचारा." त्याने उत्तर दिले, "मी त्याला क्षमा केली आहे. पण आई मध्ये आली असं मी म्हणणार नाही. ती मध्ये आली नव्हती." तेव्हापासून त्याच गावात त्याला कठोर म्हणणारे निघाले आहेत. ज्याच्या क्षमेने काल डोळे पाणावले होते, त्याच्या सत्याने आज कपाळाला आठ्या पडतात. आम्हाला हा माणूस कठोर वाटत नाही. का वाटत नाही, हेच येथे मांडायचे आहे.

जुन्या करारात अनवधानाने घडलेल्या मृत्यूविषयी दोन निरनिराळे नियम आहेत. ते शेजारी ठेवून वाचावेत असे आम्हाला नेहमी वाटते. अनुवादाच्या पुस्तकात एक मनुष्य शेजाऱ्याबरोबर रानात लाकडे तोडायला जातो. घाव घालताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजाऱ्याला लागून तो मरतो. पूर्वीचे वैर नाही, हेतू नाही. अशा माणसाने शरणपुरात पळून जावे आणि जीव वाचवावा, असे शास्त्र सांगते. यार्देनेच्या दोन्ही तीरांवर तीन-तीन अशी सहा शरणपुरे नेमलेली होती. (आपल्या नाशिकच्या शरणपूरचे नाव ह्याच शब्दावरून पडले.) मात्र हा निरपराध मनुष्यही लगेच घरी परतत नाही. गणनाच्या पुस्तकाप्रमाणे प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याला त्या नगरातच राहावे लागते. हेतू नसला तरी एक माणूस गेला आहे, आणि त्या मृत्यूचे ओझे समाजाने हवेत उडू दिलेले नाही.

दुसरा नियम निर्गमाच्या पुस्तकातील मारक्या बैलाचा. बैलाने अचानक कोणाला हुंदडून मारले तर बैलाचा वध करावा, धनी निर्दोष. परंतु बैल पूर्वीपासून मारका असेल, लोकांनी धन्याला तसे बजावले असेल, आणि तरीही त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर धनीही मृत्युदंडास पात्र. खंडणी ठरवून दिल्यास त्याला आपला प्राण सोडविता येतो, एवढीच सवलत. दोन्ही ठिकाणी मारण्याचा हेतू नाही, दोन्ही ठिकाणी माणूस मेला आहे. फरक पडतो तो एवढ्यानेच, की दुसऱ्याला ठाऊक होते.

मग आमच्या त्या मुलाच्या हातात काय होते? निसटलेले पाते, की मारका बैल? त्याच्या बचावासाठी गावात एकच शब्द वापरला जातो: अपघात. हा शब्द फार उदार आहे. तो पाते आणि बैल दोघांनाही एकाच दावणीला बांधतो. ताशी 70 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 19 मीटरांहून अधिक अंतर तोडते. समोर कोणी दिसले आणि हात ब्रेककडे जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हे शाळेत शिकविले जाते आणि त्या मुलाने ते बारावीला लिहूनही दिले असणार. वर्षभरात त्याला एकदा वाहतूक पोलिसाने दंड केला होता. शेजारणींनी आईपाशी तक्रार केली होती. धर्मगुरूंनी एका रविवारी त्याला थांबवून समजावले होते. बैल मारका आहे हे धन्याला तीनदा कळविण्यात आले होते.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती आम्ही टाळू इच्छित नाही. हा मुलगा आदल्या दिवशीही त्याच वेगाने त्याच वळणावरून गेला होता. त्याच्या वयाची आणखी दहा मुले तसेच जातात. त्या दिवशी रस्त्यावर आजी होत्या, आदल्या दिवशी नव्हत्या. मग आपण शिक्षा कशाला देतो, कृत्याला की दैवाला? 1976 साली ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल ह्यांनी ह्याच कोड्यावर निबंध वाचले. दोन चालक सारखेच बेफिकीर असतात. एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. आणि जग एकाला खुनी समजते, दुसऱ्याला विसरून जाते. त्यांना कोड्याचे पूर्ण उत्तर सापडले असे आम्हाला वाटत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण मात्र ह्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतकी स्पष्ट आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी ती वाचली असेल. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात, खुनाला मनाई करणाऱ्या पाचव्या आज्ञेच्या विवरणात, 2290 व्या परिच्छेदात म्हटले आहे की जे नशेमुळे किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर स्वतःची वा इतरांची सुरक्षितता धोक्यात घालतात, ते गंभीर दोषास पात्र होतात. येथे कोणी मरण्याची अट नाही. धोक्यात घालणे एवढेच दोषास पुरे आहे. म्हणजे आदल्या दिवशी सुखरूप घरी पोहोचलेला मुलगाही पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहावयास हवा होता, आणि त्याच्या बरोबरीची ती दहा मुलेही. आपल्यापैकी किती जण 'मी वेगाने गाडी चालविली' हे पाप म्हणून सांगतात? आम्ही स्वतः कधी सांगितलेले नाही, आणि आमच्या स्कूटरचा काटाही काही नेहमी चाळीसवर नसे.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले की हेतू नसतानाही, योग्य ती काळजी न घेतल्याने कोणाचा मृत्यू ओढवला, तर मनुष्य हत्येच्या दोषातून सुटत नाही. तेव्हा रस्त्यावर घोडे होते, मोटारसायकली नव्हत्या. पण युक्तिवाद त्यामुळे जुना होत नाही.

आता कायद्याकडे वळू. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल 2019 च्या सुधारणेनंतर हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये दंड आहे. धोकादायक रीतीने गाडी हाकल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ह्यातील 'किंवा' फार रुंद आहे. त्यातून बहुतेकांची गाडी आरामात जाते. मृत्यू ओढवल्यास जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षे कारावास किंवा दंड होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या 106 व्या कलमाने ती मर्यादा पाच वर्षांवर नेली. आमच्या गावचा खटला आधीचा असल्याने त्याला जुनेच कलम लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली बजावले होते की बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडविणाऱ्यांना परिवीक्षेवर सोडण्याची दया दाखवू नये. 2015 साली पंजाबातील एका खटल्यात दोघांचा जीव गेला असता, उच्च न्यायालयाने नुकसानभरपाई घेऊन शिक्षा 24 दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली. दुसऱ्या टोकाला पुण्याचे उदाहरण आहे. 19 मे 2024 रोजी कल्याणीनगरात भरधाव मोटारीने मोटारसायकलवरील दोघांचा बळी घेतला, आणि अल्पवयीन आरोपीला जामीन देताना बाल न्याय मंडळाने अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. सारा देश संतापला. आम्हीही येथे त्याच विषयावर निबंधच लिहीत आहोत, तेव्हा निबंधाची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

तर मग तुरुंग हवा की नको? आमचे मत असे आहे. ज्याने पहिल्यांदा मर्यादा ओलांडली त्याला तुरुंग नको. त्याचा परवाना काही काळ काढून घ्यावा, तेवढे पुरे. ज्याला पुन्हा पुन्हा बजावले आहे त्याला, कोणी मेले नसले तरीही, थोड्या दिवसांचा तुरुंग न्याय्य आहे; कारण तो मारक्या बैलाचा धनी आहे आणि बैल अद्याप कोणाला लागला नाही हे त्याचे पुण्य नव्हे. आणि ज्याच्या जाणत्या वेगाने माणूस मेला, त्याने काही महिने तरी बंदिवास भोगावा. वर्षानुवर्षे नव्हे. एकोणीस वर्षांच्या मुलाला सराईत गुन्हेगारांच्या संगतीत पाच वर्षे ठेवून आपण एका मृत्यूत दुसऱ्याची भर घालू. इटालियन विचारवंत बेक्कारिया ह्याने 1764 सालीच सांगितले होते की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या निश्चितीने गुन्हा अधिक आवरतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे: कलमात वर्षे वाढतात आणि खटले रेंगाळतात. अपराध एकोणीस वर्षांचा मुलगा करतो. शिक्षा झालीच, तर ती एखाद्या चाळिशीच्या कुटुंबवत्सल माणसाला होते. ह्या विलंबात मृताचे नातेवाईक झिजतात आणि अपराधीही झिजतो.

"विमा कंपनी भरपाई देईल, मग तुरुंग कशाला?" असे विचारले जाते. भरपाई मिळालीच पाहिजे, आणि ती लवकर मिळाली पाहिजे. पण विम्याने दिलेल्या पैशात अपराध्याच्या पदरचे काय असते? प्रायश्चित्त दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, हे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकविले गेले आहे.

आणि क्षमेचे काय? 13 मे 1981 रोजी संत पेत्राच्या चौकात पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. 27 डिसेंबर 1983 रोजी पोप स्वतः रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात गेले, हल्लेखोराशेजारी खुर्चीवर बसले आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलले. क्षमा तर त्यांनी आधीच केली होती. त्या भेटीचे छायाचित्र आपल्या कित्येक घरांत कात्रण म्हणून जपलेले असेल. परंतु भेट संपल्यावर पोप बाहेर आले आणि तो मनुष्य आतच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती 2000 साली. पोपमहोदयांनी गोळी चुकून सुटली असे कधी म्हटले नाही. आजींच्या मुलाने ह्याहून वेगळे काय केले आहे?

एक गोष्ट राहिली, आणि ती घरच्यांसाठी आहे. अनुवादातच आणखी एक लहानसा नियम आहे: नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. कठडा घरातील माणसांनीच घालायचा असतो. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. दर दहांतील सुमारे सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले, आणि मृतांपैकी 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचेच होते. म्हणजे आपण बक्षीस म्हणून जी किल्ली मुलाच्या हाती देतो, ती बहुधा त्याच्यासाठीच आधी धोक्याची असते. 2019 च्या सुधारणेने अल्पवयीन मुलाच्या अपराधाबद्दल पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास ठरविला आहे. आमच्या त्या मुलाला एकोणीस पूर्ण होती, म्हणून बाप कायद्यातून सुटला. गाडी गुणपत्रिकेशेजारी ठेवून तिला हार घालणारा तो बाप आता देवळात मागच्या बाकावर बसतो.

मुलगा आज पंचविशीत आहे. तो मोटारसायकल चालवीत नाही. जबाब देताना वेग कमी सांगावा असे वकिलाने सुचविले तेव्हा त्याने नकार दिला, असे आम्ही ऐकले. खरे असेल तर त्याचे पाऊल शरणपुराच्या वाटेवर पडले आहे, मग निकाल काहीही लागो. खटला अजून चालू आहे. गेल्या तारखेला दोघेही, तो आणि आजींचा मुलगा, न्यायालयाच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत थांबले. न्यायाधीश रजेवर असल्याचे नंतर कळले. पुढची तारीख घेऊन दोघे बाहेर आले आणि एकाच बसने गावी परतले.