न ओरडणारी जखम

पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळावर काहील उतरवायची घाई चालली होती. वाफ्यात ओतताना पाक उसळला आणि बाळूच्या हातावर उडाला. पोरानं बोंब ठोकली. त्याला धरायला धावलेला, चुलवाणात जाळ घालणारा जळव्या दत्तूमामा चिपाडांवरून घसरला आणि त्याचं मनगट चुलवाणाच्या तापल्या लोखंडाखाली अडकलं. त्यानं ते ओढून काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि गुमान कडेला जाऊन बसला.

सगळे बाळूभोवती गोळा झाले. कोणी हळद आणली, कोणी टूथपेस्ट. मालक आण्णांची सून शालन आरोग्य केंद्रात नर्स होती. ती धावत आली.

"काही लावू नका, बर्फही नको. मोटार चालू करा!"

बाळूचा हात तिनं वाहत्या पाण्याखाली धरायला लावला. "20 मिनिटं हलवायचा नाही. गुळाचा पाक 115 अंशांच्या वर तापलेला असतो आणि कातडीला चिकटून पोळत राहतो."

हात लालभडक झाला होता, फोड टरारले होते. "फोड फोडू नका. डॉक्टरांना दाखवू, पण भरून येईल हे."

मग तिची नजर मामांकडे गेली.

"मला काय न्हाई झालं, पोरी. कडंला जरा चुरचुरतंय, मधी तर दुखत बी न्हाई."

शालननं टॉवेल काढला. मनगटावरची कातडी पांढुरकी, कोरडी, चामड्यासारखी ताठ झाली होती. एकही फोड नव्हता. तिनं हलकेच बोट टेकवलं.

"कळतंय?"

"न्हाई."

"मामा, हेच वाईट. आग कातडी ओलांडून खोल गेली. दुखणं सांगणाऱ्या नसाच जळाल्या."

"अगं, तळहाताएवढी बी न्हाई जखम," आण्णा म्हणाले.

"आण्णा, रुंदीबरोबर खोलीही बघायची असते. हिला दवाखान्यातच न्यायला हवं."

हात सुजायच्या आत तिनं मामांचं तांब्याचं कडं उतरवलं, मनगटावर पाणी धरलं, स्वच्छ कापडानं सैल झाकलं. आण्णांनी जीप काढली आणि दोघांनाही कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात नेलं. बाळू मलमपट्टीवर बरा झाला. मामांच्या मनगटावर मात्र मांडीची कातडी लावावी लागली. वेळेवर नेलं म्हणून त्यांचा हात पुन्हा कामाला लागला.

तेव्हापासून गुऱ्हाळावर कोणी भाजलं, की आण्णा जो गप्प बसलाय त्याच्याकडे आधी जातात.

तात्पर्य : जखमेची खोली ओरडण्यावरून मोजू नये. "मला काही झालं नाही" म्हणणाऱ्याचा हातही उघडून बघावा.