नेकनूरच्या बाजारातली मरळ

नेकनूरचा आठवडी बाजार जनावरांसाठी नावाजलेला. मासेवाले बसतात ते कडेला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. मासा येतो तो सिंदफणेवरच्या माजलगाव धरणातून, नाहीतर पैठणच्या नाथसागरातून.

गावचा एक तरुण नाशिकला हॉटेलात स्वयंपाक शिकून परत आला होता. मांजरसुंबा–केज रस्त्यावर खाणावळ टाकायची त्याची तयारी चालली होती. त्याचे उस्ताद एका बाजाराच्या दिवशी रात्री जेवायला येणार होते, येताना वाइन आणणार होते. पोरानं मनात बेत पक्का केला होता. मोठा कटला घ्यायचा, दुपारपासून दही, गरम मसाला, लिंबू चोपडून ठेवायचा आणि अख्खा भाजायचा.

बर्फावर तसा कटला होता. त्यानं बोट दाखवलं.

"त्यो नको नेऊ लेकरा," मासेवाली मावशी म्हणाली. "कालचा हाये."

"मसाल्यात मुरवणार आहे मावशी. कळणार नाही."

"रश्शाला नेतो म्हणला असतास तर सांगून, कमी पैशात दिला असता. भाजायला न्हाई देणार." तिनं कल्ला उचलून दाखवला. लाली उतरून तपकिरी झाली होती. मग पाण्याच्या घमेल्यावरचं ओलं पोतं बाजूला केलं. आत मरळ वळवळत होती. मरळ वरची हवा घेऊन श्वास घेते, म्हणून धरणापासून इतक्या लांबही जिवंत पोहोचते. पण होती हातभरच. एवढ्या मोठ्या माणसापुढे एवढीशी मरळ ठेवायची, याची पोराला लाज वाटली. तरी त्यानं ती घेतली, कारण मावशी कटला देईना.

घरी राखेनं चोळून तिचा बुळबुळीतपणा काढला, आडव्या चिरा दिल्या. ताज्या माशाला दही आणि गरम मसाला लावायला त्याचा हात धजेना. मीठ, हळद, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर एवढंच वाटून चोळलं. लिंबू भाजायच्या अर्धा तास आधी पिळलं. आंबट जास्त वेळ राहिलं की माशाचं मांस भुसभुशीत होतं, आणि ही चूक भलेभले करतात. बाभळीचे निखारे पडले, जाळीला तेल लागलं, कातडी तडतडू लागली.

उस्तादांनी दोन बाटल्या आणल्या होत्या. लाल त्यांनी पिशवीतच ठेवली, कारण लाल वाइन माशासोबत कित्येकदा लोखंडासारखी लागते. नाशिककडची पांढरी शेनिन ब्लांक बर्फाच्या बादलीत ठेवली. 1999 साली नाशिकजवळ सुला ही वायनरी सुरू झाली, त्यानंतर त्या भागातले बरेच शेतकरी खायच्या द्राक्षांबरोबर वाइनचीही लावू लागले, हे ते जेवताना सांगत होते. फार तिखट असेल तर वाइननं जीभ आणखी भाजते, तेव्हा किंचित गोडसर बाटली बरी. इथं मिरची बेताची होती, म्हणून कोरडी वाइन लिंबाच्या जागी छान चालली. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी विचारलं, "मसाला इतका कमी का केलास?"

"मासा जिवंत मिळाला, उस्ताद."

"आणि मिळाला नसता तर?"

पोरानं कटल्याची गोष्ट सांगितली, काही न लपवता. उस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मावशी बाजारात कुठं बसते ते विचारून घेतलं, आणि उरलेला तुकडा स्वतः न खाता पोराच्या ताटात वाढला.

खाणावळ सुरू झाली. मासे हवेत म्हणून गाड्या थांबू लागल्या. उन्हाळ्यात एकदा पाहुण्यांनी भरलेल्या दोन गाड्या थांबल्या, आणि पेटीतल्या माशांच्या कल्ल्यांची लाली उतरलेली होती. पोरानं दारातल्या फळ्यावर 'आज मासा नाही' असं लिहिलं. एक गाडी तशीच पुढच्या ढाब्याकडे निघून गेली. दुसऱ्या गाडीतली माणसं बसली, तेव्हा त्यानं चुलीवर पिठल्याला आधण ठेवलं.