मूळचं कोणाचं?

आदिलाबादला आलेला पाहुणा दुपारच्या आत एक प्रश्न विचारतोच: हे मूळचं कोणाचं? देऊळ दाखवलं की विचारतो, गाव दाखवलं की विचारतो, माझं मराठी ऐकलं की आडून आडून मलाही विचारतो. पैनगंगेच्या दोन्ही काठांना एकच कापूस पिकतो. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. एवढं सांगेपर्यंत पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "म्हणजे आदिलाबाद मूळचं महाराष्ट्राचंच की!" तेव्हा मी चहा टाकायला उठते.

गेल्या हिवाळ्यात धाकटी नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा मुलगा पुण्याहून आले. हाताशी एकच दिवस होता. गाडी ठरवली आणि वाटाड्या म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो मेश्राम कुळातला गोंड. घरात गोंडी, शाळेत तेलुगू, आणि माझ्याशी मराठी, तेही माझ्यापेक्षा नेटकं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. संस्कृत एम.ए.पुरतं होतं आणि त्यातली मीमांसा मी नाइलाजाने वाचली होती. तीच त्या दिवशी कामाला आली.

सकाळी आधी जैनथ. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, चंद्रपूरच्या वाटेला. लक्ष्मीनारायणाचं काळ्या दगडाचं देऊळ आहे. कार्तिकात इथे मोठा उत्सव असतो आणि दसऱ्यानंतर काही दिवस सकाळचं ऊन थेट मूर्तीच्या पायांशी पोचतं असं गावकरी सांगतात. प्रवासी माहितीत देऊळ पल्लव राजाने बांधल्याचं सर्रास येतं. मला त्यात तथ्य दिसत नाही, कारण जैनथचा संस्कृत शिलालेख वेगळंच सांगतो. तो माळव्याच्या परमार घराण्यातल्या जगद्देवाच्या काळचा. उदयादित्याचा हा मुलगा गादीवरचा हक्क सोडून दक्षिणेत आला आणि कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी राहिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावला त्याचा शके १०३४चा, म्हणजे इसवी सन १११२चा लेख आहे, तेव्हा काळाचा अंदाज बांधता येतो. त्याच्या पदरच्या लोलार्क नावाच्या सरदाराची बायको पद्मावती. तिने निंबादित्याचं मंदिर उभारलं, असं जैनथचा लेख म्हणतो. निंबादित्य म्हणजे सूर्य.

हे ऐकून भाच्याचे डोळे चमकले. "म्हणजे मामी, लोक चुकीच्या देवाची पूजा करतायत?"

नणंदेने त्याला डोळे दाखवले, पण मला तो प्रश्न आवडला. असलं धारिष्ट विशीतच जमतं. पद्मावतीने सूर्य बसवला, आज तिथे विष्णू आहे. मधल्या नऊशे वर्षांत कधीतरी, का कोण जाणे, देव बदलला. मग आज हात जोडणाऱ्या बाईचा नमस्कार कोणाला पोचतो?

पंढरपूरच्या बाबतीत मराठी माणूस या प्रश्नातून एकदा गेलेला आहे. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आलं आणि विठ्ठलाची मुळं त्यांनी गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधली. काही जण रागावले, काही हरखले. आषाढीला मात्र एकही दिंडी घरी थांबली नाही. वारीला निघणारा माणूस विठ्ठलाच्या उगमासाठी जात नाही. घराण्यात वारी आहे म्हणून जातो, आईने माळ घातली म्हणून जातो.

मीमांसक तर याहून कठोर. शबरस्वामींनी आपल्या भाष्याच्या नवव्या अध्यायात विचारलं आहे की यज्ञात मुख्य काय, देवता की कर्म? त्यांचं उत्तर कोणत्याही भाविकाला हादरवील. देवतेला शरीर नाही, ती आहुती खात नाही, ती प्रसन्न होऊन फळ देते हेही खरं नाही; कर्म मुख्य आणि देवता त्याचं अंग. पुढे जाऊन ते म्हणतात की देवतेच्या मालकीचंही काही नसतं. 'देवाचं गाव', 'देवाचं शेत' हे नुसतं बोलण्यापुरतं. विद्यार्थिदशेत मला हे नास्तिकाचं बोलणं वाटे. जैनथच्या त्या गाभाऱ्यापुढे मात्र ते भाच्याला सांगावंसं वाटलं. देव बदलला, दिवा लावायचं काम चालू राहिलं. पुजाऱ्याने पहाटे उठायचं, कोणी तेल आणायचं, कोणी कार्तिकात रथ ओढायचा. मूळ देव कोण हा प्रश्न म्हणजे देवळाची पहाणी काढणं. (पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा.) पहिला कब्जेदार कोण हे त्यातून कळतं, पण तेवढ्याने पूजेचा खरेखोटेपणा ठरत नाही.

माझं हे उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं. नणंदेचे यजमान निवृत्त बँक अधिकारी, ते म्हणाले, "पटतंय."

गुडीहतनूरला महामार्ग सोडून उटनूरच्या रस्त्याला लागलं की कापसाची सपाटी संपते आणि सागाचे डोंगर सुरू होतात. मुतनूरहून आत केसलापूर. इथला नागोबा मेश्राम कुळाचा. पौष अमावास्येच्या रात्री महापूजा होते, पुढे जत्रा भरते. आम्ही गेलो ते जत्रेच्या बरंच आधी, त्यामुळे आवार रिकामं होतं आणि वाटाड्याला सांगायला वेळ होता.

इथे मुळाचा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. जैनथला दगड जुना आणि देव नवा. केसलापूरला कोरीव दगडाचं देऊळ २०२२च्या डिसेंबरात पुरं झालं, तेही मेश्राम घरांनी आपसात वर्गणी काढून. पण त्याच्याभोवतीची कामं किती पिढ्यांची, ते कोणाला मोजता येत नाही. जत्रेआधी कुळाची माणसं अनवाणी चालत जन्नारमकडे गोदावरीच्या हस्तिनामडुगू डोहावर जातात आणि झारीत पाणी घेऊन परततात. परतल्यावर काही दिवस वडाच्या झाडांखाली मुक्काम. पूजेची मडकी सिरिकोंड्याचं कुंभार घराणं घडवतं. ते गोंड नाहीत, पण त्यांच्याशिवाय पूजा नाही. नैवेद्य कुळाच्या शाखांप्रमाणे वेगवेगळ्या चुलींवर शिजतो. लेकी-जावयांना त्यांची कामं नेमून दिलेली. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुना पांढऱ्या लुगड्यात, चेहरा झाकून देवापुढे येतात. याला भेटिंग म्हणतात. भेटिंग झाल्याशिवाय सून कुळाच्या पूजेत धरली जात नाही.

कुळांच्या कथा सांगणारे प्रधान. तीन तारांची किकरी वाजवत ते गोंड दैवतांच्या उत्पत्तीच्या कथा गोंडीत गातात. पहांदी कुपार लिंगल आणि जंगुबाई यांनी गुहेत कोंडलेले देव कसे सोडवले, तेही त्यातच येतं. पण आमच्याकडच्या प्रधानांची घरची भाषा मराठी. गोंडांच्या देवांचं सगळं पुराण मराठी बोलणाऱ्या, गोंड नसलेल्या माणसांच्या कंठात राहिलं, आणि तरी गोंड त्यांच्या हातचं जेवत नसत. धर्माच्या इतिहासात अशा बेहिशेबी गोष्टी भरपूर सापडतात. त्या नीट लावून दाखवणाऱ्या पुस्तकांवर माझा फारसा विश्वास नाही.

नणंद भाविक आहे. तिने मनापासून हात जोडले, नारळ ठेवला आणि मोठ्या प्रेमाने म्हणाली, "नाग म्हणजे शेष. शेष कोण, विष्णूचंच अंग. सकाळी विष्णू पाहिला, आता शेष. सगळं एकच हो."

वाटाड्या काही बोलला नाही. भाच्याने त्याला सरळ विचारलं, "दादा, तुम्हाला काय वाटतं? नागोबा मूळचा हिंदूंचा की तुमचा?"

तो हसला. "मला मूळ नाही माहीत. पाणी आणायचं असतं तेव्हा मी अनवाणी चालतो. तुम्ही कधी चालता?"

भाचा गप्प झाला आणि मी मनात खूश झाले, कारण हे माझंच सकाळचं म्हणणं होतं, त्याने ते चार शब्दांत सांगितलं. कर्म ज्याचं, देव त्याचा. कोलकात्यातलं एक जुनं प्रकरण आठवलं. घरच्या ठाकुराची, म्हणजे देवाची, पूजा वारसांमध्ये पाळीने होई आणि एका वारसाला आपल्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी न्यायची होती. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली निकाल दिला: मूर्ती म्हणजे हलवाहलव करायची वस्तू नाही, तिची स्वतःची इच्छा लक्षात घ्यायला हवी आणि ती मांडायला घरच्या भांडणात हितसंबंध नसलेला माणूस नेमावा. शबरस्वामी म्हणाले देवाच्या मालकीचं काही नसतं. कायद्याने देवाला हक्क दिले, बोलायला माणूसही दिला.

हे मी गाडीत सांगत होते तेव्हा इंदरवेल्ली आली.

इंदरवेल्लीला पाहण्यासारखं म्हणावं असं काही नाही. एक स्तूप आहे. २० एप्रिल १९८१ला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, जमिनीच्या प्रश्नावर गोंडांची सभा व्हायची होती. परवानगी नाकारली गेली, माणसं तरीही आली, आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा; नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी त्याच्या कितीतरी पट सांगितला. पहिला स्तूप उद्ध्वस्त करण्यात आला, नंतर पुन्हा बांधला गेला. पुढे कितीतरी वर्षं त्या तारखेला इथे जमावबंदी असे आणि मेलेल्यांच्या घरच्यांनाही फूल ठेवायला येता येत नसे.

वाटाड्या इथे जास्त बोलला. गोंडांचा नेता कोमराम भीम १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला, ते जल, जंगल, जमिनीसाठी. मग निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना इकडे धाडलं. केसलापूरच्या जत्रेत १९४२पासून दरबार भरू लागला, गोंडांच्या तक्रारी ऐकल्या जाऊ लागल्या, अनेकांच्या नावावर जमिनीचे पट्टे झाले. आणि ते झाले न झाले तोच बाहेरून शेतकरी, सावकार, व्यापारी येत राहिले. "तेलुगू आले, मराठी आले," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, हा त्याचा भिडस्तपणा. अखेर १९७०चं नियमन आलं: अनुसूचित भागात आदिवासीखेरीज कोणाच्या नावे जमीन करता येणार नाही, आणि बिगरआदिवासीच्या ताब्यात जमीन दिसली तर उलट सिद्ध होईपर्यंत ती आदिवासीकडूनच आलेली आहे असं धरायचं.

म्हणजे कायद्याने तोच प्रश्न विचारला: मूळचं कोणाचं? सकाळी ज्याला मी पहाणीचा प्रश्न म्हणून बाजूला सारलं होतं, तोच इथे गोळ्या खाण्याइतका महत्त्वाचा होता.

नणंदेचं "सगळं एकच हो" आणि त्यावरची वाटाड्याची शांतता मला तेव्हा उमगली. ती वाईट बोलली नव्हती. आपल्या परंपरेत याहून उदार वाक्य सापडणार नाही. पण ते वाक्य कोणाच्या तोंडी येतं ते पाहावं. ज्याचा पट्टा शाबूत आहे, त्याला मुळाचं काही वाटत नाही. ज्याची जमीन गेली, भाषा शाळेच्या दाराबाहेर राहिली, त्याच्या हाती आता देव उरला आहे. तोही मुळात आमचाच असं कोणी प्रेमाने सांगितलं तर त्याने आनंद मानायचा का? माझे आजेसासरे पुसदकडून नदी ओलांडून बेल्याकडे आले. तो भाग सपाटीचा, अनुसूचित नाही, आमचे कागद चोख आहेत. आमच्या नावाआधीच्या रकान्यात कोण होतं हे घरात कधी कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

शबरस्वामींचं म्हणणं मी सोडलेलं नाही. देव कामातून टिकतो, मुळातून नाही, हे मला आजही खरं वाटतं. फक्त त्याला पुढचा प्रश्न जोडावा लागतो: हे काम करणारा माणूस कुठे राहणार, काय पेरणार? अनवाणी चालायला पायाखाली वाट लागते, वडाखाली मुक्काम करायला वड असलेलं गाव लागतं. देवतेच्या मालकीचं काही नसतं हे ठीक, पण ती झारी वाहणाऱ्याच्याही मालकीचं काही नसलं तर कर्म कोण करणार? शबरस्वामींनी याचा विचार केलेला नाही, कारण त्यांच्या यज्ञाचा यजमान गाई राखून होता.

परतीच्या वाटेवर भाच्याने वाटाड्याला विचारलं की बाहेरच्याने जत्रेला आलेलं चालतं का. तो म्हणाला, "या की. लाखो लोक येतात. महापूजेच्या वेळी मात्र बाहेर थांबायचं." नणंदेला ते किंचित लागलं. "देवाच्या दारी आत-बाहेर कसलं?" ती माझ्या कानात म्हणाली. मी म्हटलं, "ताई, आपल्या सोवळ्यात तू कोणाला आत घेतलंस?" यावर दोघी हसलो, पण ती मला अजून पूर्ण माफ करायची आहे.

तेव्हापासून पाहुणे आले की मी दिवसाचा क्रम बदलते. आधी इंदरवेल्ली, मग केसलापूर, आणि जैनथ उन्हं उतरताना. नणंदेचे यजमान फोनवर म्हणाले, हे काही बरोबर नाही, सहलीची सुरुवात देवदर्शनानेच व्हावी, आणि शिवाय जैनथचं ते पायाशी येणारं ऊन सकाळचं असतं. दुसरा मुद्दा बिनतोड आहे. दसऱ्यानंतरच्या दिवसांत कोणी आलं तर पुन्हा जैनथपासून सुरुवात करावी लागेल.