कडू घोट आणि सुगंध

कडू चव ही सुगंधाची वैरीण आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. कॉफी उकळू लागली की तिच्या वासाने मन प्रसन्न होते. परंतु कोरा घोट घेताच पुष्कळांचे तोंड वाकडे होते. मग आपण दूधसाखर घालतो, वर जायफळ किसतो, आणि कडूपणा घालवून सुगंध तेवढा राखला असे मानतो. हा हिशेब खरा आहे काय?

तर्कसंग्रहात रस आणि गंध हे निराळे गुण सांगितले आहेत. रस जिव्हेने कळतो, गंध घ्राणेंद्रियाने. ही व्यवस्था शास्त्राला सोयीची असली तरी प्रत्यक्ष अनुभवात ती टिकत नाही. वाचकांनी नाक चिमटीत धरून कोऱ्या कॉफीचा घोट घेऊन पाहावा. जिभेला केवळ कडवट, किंचित आंबट पाणी लागेल. नाक सोडताच घशामागून वास वर चढतो आणि त्याच पाण्याची कॉफी होते. जे रस व गंध वर्षानुवर्षे जोडीने अनुभवले, त्यांस मन एकच वस्तू म्हणून ओळखते; म्हणून सराईत माणसाला कडवटपणा गेला की सुगंधही उणा वाटतो. शिवाय दुधातील स्निग्धांश व प्रथिने कडू द्रव्यांप्रमाणे सुगंधी द्रव्यांनाही धरून ठेवतात. उलट चिकोरीत रंग व कडवटपणा भरपूर. पण कॉफीचा परिमळ तीत नाही.

या गोष्टीचा नैतिक अर्थ मला वरंधला उमगला. महाड तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत वरंधच्या माझ्या एका वृद्ध परिचितांची बहीण होती. पुढल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो. घाट धुक्यात बुडाला होता. दूध आले नव्हते, म्हणून ओटीवर कोरी कॉफी आली. विधिलिखित, ईश्वरेच्छा असे शिष्टसंमत बोल मी बोलू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले व म्हणाले, "सर, वर्षभर सगळे हेच सांगतात. तिचे नाव मात्र कोणी काढीत नाही."

मी ओशाळलो. दुःख झाकण्यासाठी ओतलेल्या गोड शब्दांनी त्यांच्या बहिणीची आठवणही झाकली जात होती. मग मी तिच्याविषयी विचारले. त्यांचे डोळे भरून आले. परंतु तिच्या हातची भाकरी, तिचा फटकळ स्वभाव, लहानपणीची भांडणे सांगता सांगता ते हसलेही.

कोणी म्हणेल, मग कडूपणाच श्रेष्ठ काय? मुळीच नाही. कठोर बोलून त्यालाच सत्यनिष्ठा म्हणविणारे लोक निव्वळ चिकोरी होत. त्यांच्या कडवटपणात माणुसकीचा गंध नसतो. गुढीपाडव्याला आपण कडुनिंब गुळासह खातो. तो गूळ कडूपणा सुसह्य करतो, लपवीत नाही. सांत्वनाचेही असेच असावे. आपल्या प्याल्यात साखर किती घालावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्याच्या प्याल्यात मात्र ती विचारल्यावाचून घालू नये.