जाते थांबले, पुढे काय?

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव दारांवाचूनच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. त्या रिवाजामागील विश्वासाचे आम्हांला कौतुक वाटते. परंतु अशाच घरांतून एके काळी पहाटेच्या अंधारात जात्यापाशी बसणाऱ्या मायबहिणींचे स्मरण झाले की एक प्रश्न मनाला टोचू लागतो. ज्या कष्टांतून सुंदर गाणे जन्मले, ते कष्ट सरल्याबद्दल आपण हळहळावे काय?

कष्टांविषयी संभ्रम नको. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने मूठ-मूठ दाणे जात्याच्या तोंडी घालायचे. बाजरीचे पीठ लवकर कडू होते. तेव्हा आठवड्याचे दळण एकदम उरकण्याचीही सोय नव्हती.

आता ओवीचे पाहू. धान्य कांडताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे. पुढे १२९० मध्ये नेवासे येथेच ज्ञानेश्वरी ओवीबद्ध झाली. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराणही ओवीतच आहे. ग्रंथकर्त्यांची नावे आपण आदराने घेतो. दळणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र शतकानुशतके कोणी लिहून ठेवली नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या आणि गाणारणींची नावेही नोंदविली. हा आम्हांला केवळ संशोधनाचा नव्हे, न्यायाचाही भाग वाटतो.

जाते गेले आणि संस्कृती बुडाली, असे म्हणणाऱ्यांनी सहसा जाते ओढलेले नसते. ओवी ही दगडाची देणगी नव्हे. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकराची माया ऐकायला घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून तिने ती जात्याला सांगितली. ऐकणारे माणूस मिळत असेल, तर जाते थांबल्याचे दुःख कशाला?

जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेणे होय, असे अनुवादाच्या पुस्तकातील नियमशास्त्र बजावते. गरिबाच्या घरातील या दगडाचे मोल तेथे ओळखले गेले. त्या दगडावरील हाताचे मोल ओळखणे आपल्याकडे राहिले आहे. शनिशिंगणापुरात घरांना दारे नव्हती, तरी चौथऱ्यावर स्त्रीला मज्जाव होता. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर एप्रिल २०१६ मध्ये तो उठला. गुणगान करणे आणि जागा देणे, यांत एवढे अंतर असू शकते.

म्हणून जाते कोनाड्यात मांडून त्याची पूजा करण्यापेक्षा, गिरणीमुळे वाचलेली ती पहाट आपल्या घरातील स्त्रीची स्वतःची झाली, की दुसऱ्याच कुठल्या कामाने गिळली, हे प्रत्येकाने पाहावे, अशी आमची विनंती आहे.