नाबोथाचा मळा आणि ॲमेझॉनचे जंगल



नाबोथाची कथा आपल्याला ठाऊक आहे (१ राजे २१). त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तेथे भाजीपाल्याची बाग करायची होती. त्याने देऊ केलेला सौदा वरवर चांगला होता : याहून चांगला मळा घे, नाहीतर पैसे घे. पण वाडवडिलांचे वतन द्यायला नाबोथाने नकार दिला. मग खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथ दगडमाराने मारला गेला.

ही कथा जुनी झालेली नाही. १२ फेब्रुवारी २००५ रोजी ब्राझीलमधील पारा राज्यात, अनापू येथे सिस्टर डोरोथी स्टँग यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या ७३ वर्षांच्या होत्या. जंगल राखून थोड्या जमिनीवर शेती करणाऱ्या गरीब कुटुंबांच्या बाजूने त्या उभ्या होत्या. जंगल साफ करून गुरांसाठी कुरणे करू पाहणाऱ्यांना त्या नकोशा झाल्या होत्या. तुमच्याजवळ शस्त्र आहे का, असे मारेकऱ्यांनी विचारले तेव्हा त्यांनी बायबल दाखवले, असे सांगतात.

जंगलाचा आणि हवामानाचा संबंध काय? झाड हवेतला कार्बन खोडात, मुळांत, मातीत साठवते. जंगल जाळले की तो पुन्हा हवेत जातो. २०१९ साली जगातील तापमानवाढ करणाऱ्या वायूंपैकी सुमारे २२ टक्के शेती, जंगलतोड आणि जमिनीच्या बदलत्या वापरातून आले. म्हणूनच २०१५ च्या पॅरिस करारात जंगले राखण्याचे आवाहन आहे. २०२१ साली ग्लासगो येथे १४० हून अधिक देशांनी २०३० पर्यंत जंगलांचा ऱ्हास थांबवण्याचे वचन दिले. २०२५ ची हवामान परिषद तर पारा राज्याच्या राजधानीत, बेलेम येथेच भरली.

वचने चांगली आहेत. पण त्यांत अहाबाचा सौदा लपू शकतो. 'इथले जंगल तोडू, बदल्यात दुसरीकडे झाडे लावू.' रोपे लावणे पुण्याचे काम आहे. मात्र शेकडो वर्षांच्या जंगलाची भरपाई रोपे लगेच करत नाहीत. आणि तेथून उठवलेल्या माणसांची भरपाई तर होतच नाही. पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात हेच शिकवले : धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला हवा.

आपल्या वसईत ॲमेझॉन नाही, पण वाड्या आहेत, बावखले आहेत. बावखल बुजवले की पावसाचे पाणी मुरायची जागा जाते, विहिरी उन्हाळ्यात उघड्या पडतात. जमीन विकणारा प्रत्येक जण लोभीच असतो असे नाही. कुणाच्या घरी आजारपण असते, कुणाच्या डोक्यावर कर्ज. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. वेळीच त्याच्या दारी जाऊन 'काय अडचण आहे?' असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? नाबोथ एकटा पडला, कारण गावातले वडीलधारे त्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत.

परमेश्वराने आदामाला एदेन बागेत मशागत करायला आणि तिची राखण करायला ठेवले (उत्पत्ती २:१५). मशागत आपण शिकलो. राखण अजून शिकायची आहे. या आठवड्यात आपल्या वाडीतील एका अडलेल्या घरी जाऊ या.

हे प्रभो, शेजाऱ्याचा नाबोथ होताना गप्प राहण्यापासून आम्हांला राख. आमेन.